पाझर तलाव: सगळ्यांच्या पैशातून सगळ्यांचं पाणी

सार्वजनिक बांधकाम म्हटलं की रस्ते, पूल, धरणं डोळ्यांपुढे येतात. गावाबाहेरचा पाझर तलावही त्याच पंगतीतला.

नाल्यावर आडवा मातीचा बांध घालतात. मध्ये चिकण काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम. पाण्याकडचा उतार लाटांनी धुपू नये म्हणून तिथे दगडांचं पिचिंग, आणि जादा पाणी जायला सांडवा. बांधातून पाणी गळता कामा नये. तळातून मात्र ते मुरायलाच हवं. मुरूम आणि भेगाळलेल्या बेसॉल्टमधून झिरपत ते खालच्या अंगाच्या विहिरींना लागतं.

इथेच सरकारी पैशाचं कारण कळतं. एखाद्या शेतकऱ्याने पदरमोड करून तलाव बांधला, तरी मुरलेलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत जाणारच. त्याचं बिल कोणाला लावणार? ज्याचा लाभ वाटून घेता येतो पण अडवता येत नाही, त्याचा खर्चही सगळ्यांनीच उचलायचा असतो.

महाराष्ट्राने हे करून दाखवलं. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं अशा कामांवर राबली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचं रूप मिळालं. तिच्यासाठी शहरातले पगारदार व्यवसाय कर भरू लागले.

पण तळाशी गाळ साचला की पाझर थांबतो. म्हणून नव्या कामाच्या उद्घाटनाइतकीच जुन्या तलावाच्या देखभालीची तरतूदही आपण ग्रामसभेत हक्काने मागायला हवी.