बर्ड फ्लू : कोंबडीच्या पेशीतच विषाणूचा कारखाना



जानेवारी २०२५ मध्ये आपल्या उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू निघाला आणि कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. काल दाणे टिपणारी कोंबडी आज मेलेली कशी, हे समजून घ्या. खुराड्यात काय करायचं ते त्यावरूनच ठरतं.

विषाणूला स्वतःची वाढ स्वतः करता येत नाही. तो कोंबडीच्या पेशीत शिरतो आणि तिथलीच प्रथिनं राबवतो.

पेशीत शिरण्याआधी विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन कापलं जावं लागतं. कात्री असते कोंबडीची. सौम्य फ्लूला चालणारी कात्री मुख्यतः श्वासनळीत आणि आतड्यात मिळते. म्हणून कोंबडी शिंकते, अंडी कमी देते, पण बहुतेक वेळा वाचते. घातक एच५एन१ ला मात्र 'फ्युरिन' नावाची कात्री चालते आणि ती जवळजवळ सगळ्या शरीरात असते. मग काळीज, मेंदू, फुप्फुस काहीच सुटत नाही. तुरा निळा पडणं, डोक्याला सूज, मान वाकडी होणं हे त्यामुळेच. कधी लक्षण दिसायच्या आतच पक्षी मरतात.

आत गेल्यावर स्वतःच्या नकला काढायलाही त्याला कोंबडीचंच 'एएनपी-३२-ए' हे प्रथिन लागतं. ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये या प्रथिनाच्या जनुकात बारीक बदल केलेल्या कोंबड्या तयार केल्या. सौम्य फ्लूच्या नेहमीच्या डोसाला दहापैकी नऊ टिकल्या. डोस हजारपट केल्यावर मात्र पाच जणींना लागण झाली, कारण विषाणू बदलला आणि त्याच घराण्यातली दुसरी प्रथिनं वापरू लागला. इतका लबाड! त्यामुळे अशी कोंबडी लगेच बाजारात येईल या भरवशावर राहू नका.

आता आपलं. अँटिबायोटिक जिवाणूच्या स्वतःच्या यंत्रणेवर मारा करतं. विषाणूकडे ती यंत्रणाच नाही, मग औषध लागू कसं पडणार? मरतुक सुरू झाल्यावर दुकानातून पुड्या आणून पैसे घालवू नका.

उरलेल्या कोंबड्या घाईने विकूही नका, पाहुण्यांकडेही पाठवू नका. रोग पक्का झाला तर १ किमी परिसरातले पक्षी नष्ट करतात आणि १० किमीपर्यंत पाळत ठेवतात. *सरकारी भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही.* म्हणजे कळवायला जितका उशीर, तितकं आपलंच नुकसान.

मेलेला पक्षी खाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, उघड्या हाताने उचलू नका, घरी कापू नका. थंडीत पाणथळीवर बाहेरचे पक्षी उतरतात, तेव्हा कोंबड्या-बदकं तिकडे सोडू नका.

दोन-तीन पक्षी एकदम मेले की त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, किंवा १९६२ वर फोन करा.