इंग्रजीचा तास

मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजीला दप्तरी ‘तृतीय भाषा’ म्हणतात. परंतु मराठवाड्यातील किनवट किंवा मुखेड तालुक्यातील तांड्यावरून येणारे मूल घरी गोरमाटी बोलते, शाळेत मराठी शिकते, हिंदी दूरचित्रवाणीवरून उचलते, आणि इंग्रजीची पाळी येईपर्यंत ही तिसरी भाषा चौथी होऊन बसलेली असते. धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू, तर देगलूर-उदगीरकडे कन्नड अनेकांच्या घरी नांदते. इतक्या भाषा कानांवर पडणाऱ्या मुलाला आणखी एक भाषा जड का जावी, असा प्रश्न पुण्या-मुंबईकडचे पाहुणे विचारतात. त्याचे उत्तर एवढेच की, बाकीच्या भाषा त्याला बाजारात भेटतात आणि इंग्रजी केवळ चाळीस मिनिटांच्या तासिकेत.

परक्या माध्यमाचा अनुभव या प्रदेशाला नवा नाही. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील होईपर्यंत येथील माध्यमिक शिक्षण मुख्यत्वे उर्दूतून चाले. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू करण्याआधी, १९१७ मध्येच, संस्थानाने ग्रंथांच्या व परिभाषेच्या सिद्धतेसाठी ‘दारुत्तर्जुमा’ नावाचे भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले होते. बहुसंख्य रयतेची भाषा डावलणाऱ्या त्या दरबाराचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही; तथापि माध्यम बदलण्यापूर्वी त्याची तजवीज करावी लागते, एवढे त्याला उमगले होते, हे मान्य करावे लागेल.

आपण २००० साली इंग्रजी पाचवीवरून पहिलीत आणली. पुढे अकरावीची विज्ञान शाखा इंग्रजीतच शिकावी लागते आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती ऐकून खेड्यापाड्यांतील पालकही मुलाला डॉक्टर करण्याची स्वप्ने पाहतात, म्हणून गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे ‘सेमी-इंग्रजी’ वर्ग सर्वत्र पसरले. तेथील विज्ञानशिक्षक पुष्कळदा स्वतः मराठीतून शिकलेला असतो. तो पुस्तकातील वाक्य इंग्रजीत वाचतो, अर्थ मराठीत सांगतो आणि उत्तर पुन्हा इंग्रजीत उतरवून देतो. ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हटले की निदान प्रकाश तरी मुलाच्या हाती लागतो. ‘फोटोसिन्थेसिस’ मात्र त्याला अक्षरे मोजून पाठ करावे लागते. मग अडलेले शब्द घेऊन सारे विषय इंग्रजीच्या शिक्षकाच्या दारात येतात, आणि त्याची स्वतःची तासिका इतरांच्या उसनवारीत खर्ची पडते.

या अडचणीवर तंत्रज्ञानाचा तोडगा निघेल, अशी आशा होती. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, वर्गात स्मार्ट टीव्ही लागले. परंतु भारनियमनाची वेळ शाळेचे वेळापत्रक पाहून ठरत नाही, आणि घरातला एकुलता मोबाईल वडिलांसोबत दिवसभर शेतावर असतो, हे २०२० च्या टाळेबंदीत शिक्षकांना पुरते कळून चुकले.

बोलण्याच्या परीक्षेची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. २०१८-१९ मध्ये दहावीच्या भाषा-विषयांच्या तोंडी परीक्षेचे वीस अंतर्गत गुण बंद होताच राज्याचा निकाल शेकडा ८९.४१ वरून ७७.१० वर उतरला, आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. मुलाला बोलता येते काय, हे पाहण्यासाठी ठेवलेले गुण त्याला तारून नेण्याच्या कामी येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रामाणिक शिक्षकाने अशा वेळी वीसपैकी किती द्यावेत?

गुणांचे राहू द्या; बोलणे खरोखर शिकवायचे म्हटले, तरी यंत्राची खरी मर्यादा उच्चारापाशी दिसते. इंग्रजीत ज्या दोन ध्वनींना दोन अक्षरे आहेत, त्या दोहोंसाठी मराठीत एकच ‘व’ असल्याने ‘पश्चिम’ आणि ‘बंडी’ या अर्थांचे दोन्ही इंग्रजी शब्द आपण ‘वेस्ट’ असेच म्हणतो. मोबाईलवरील उच्चार तपासणारे ॲप चूक झाल्याचे लाल खुणेने सांगते, पण जिभेचे आणि ओठांचे काय करायचे ते त्या खुणेतून कळत नाही. जुना शिक्षक खडू खाली ठेवतो, खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून दाखवितो, मग शीळ घालावी तसा ओठांचा चंबू करतो. वर्ग हसतो आणि हसता हसता साठ तोंडे तेच करून पाहतात.