कारवीचं छप्पर मेलबर्नला

प्रदर्शनी मंडपाचं आयुष्य अवघ्या काही महिन्यांचं. तरीही त्यासाठी काँक्रीट आणि प्लास्टिक सर्रास वापरलं जातं.

२०१६ साली मेलबर्नमधल्या ‘एमपॅव्हिलियन’ या हंगामी मंडपासाठी ‘स्टुडिओ मुंबई’चे वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांनी वेगळी वाट धरली. सुमारे ७ किलोमीटर बांबू, २६ किलोमीटर दोर, ५० टन दगड. बांबू भारतातून गेला; सांधे लाकडी खुंट्यांनी आणि दोराच्या बांधणीने पक्के केले. छपरासाठी कारवीच्या काटक्यांचे तट्टे भारतातल्या कारागिरांनी हातांनी तयार केले.

कारवी! सात वर्षांनी फुलणारी, सह्याद्रीतल्या घरांच्या कुडाला पिढ्यानपिढ्या लागणारी. तिला गरिबाघरचं सामान समजणाऱ्यांनी या मंडपाची छायाचित्रं जरूर पाहावीत.

मोसम संपल्यावर तो भंगारात गेला नाही. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात त्याला कायमची जागा मिळाली.