पाठीवरचं बिऱ्हाड

४ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा भारतातला पहिला सामना झाला. प्रेक्षकांत बहुतेक शाळकरी पोरं. जादा वेळेपर्यंत ताणलेला तो सामना इंडियाना पेसर्सने १३२-१३१ असा मारला. हरलेला संघ सॅक्रामेंटो किंग्ज. त्याचे मालक विवेक रणदिवे जुहूत वाढलेले, त्यामुळे आपल्याकडे कौतुक झालं ते त्यांचं. ते रास्तच होतं. पण या संघाची कुळकथा मालकाच्या कथेहून रंगतदार आहे, कारण विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो अर्धी अमेरिका हिंडला आहे.

मूळ गाव रॉचेस्टर. न्यूयॉर्क राज्यातलंच, पण न्यूयॉर्क शहरापासून बरंच लांब, ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठचं. नाव तेव्हा रॉयल्स. मालक लेस हॅरिसन, आणि प्रशिक्षकही तेच! ६ जानेवारी १९५१ ला त्यांच्या अंगणात इंडियानापोलिस ऑलिम्पियन्स खेळायला आले आणि सामना सहा वेळा जादा वेळेत गेला. चेंडू किती वेळ हातात ठेवायचा याला तेव्हा बंधनच नव्हतं. शेवटच्या क्षणी एकच फेक करायची म्हणून खेळाडू तो नुसता धरून ठेवत. इतक्या घोळानंतर निकाल काय, तर ७५-७३, रॉचेस्टर हरलं. एनबीएतला तो आजही सर्वांत लांबलेला सामना आहे. चोवीस सेकंदांचं घड्याळ १९५४ साली आलं ते असल्याच खेळाला कंटाळून.

त्याच हंगामात रॉयल्स अजिंक्य झाले. न्यूयॉर्क निक्सविरुद्ध ३-० अशी आघाडी, मग ओळीने तीन पराभव, आणि सातवा सामना ७९-७५ असा कसाबसा खिशात. त्यानंतर आजतागायत दुसरं विजेतेपद नाही.

लीग मोठी होत गेली, गाव लहान पडलं. १९५७ मध्ये बिऱ्हाड सिनसिनाटीला हललं. तिथल्या पहिल्याच हंगामाच्या शेवटी, मार्च १९५८ मध्ये, मॉरिस स्टोक्स हा उमदा खेळाडू मिनियापोलिसमध्ये डोक्यावर आपटला. शुद्धीवर आला, पुन्हा खेळलासुद्धा. तीन दिवसांनी विमानात कोसळला आणि जन्माचा अपंग झाला. जॅक ट्वायमन हा त्याचा संघातला सोबती तेव्हा तेवीस वर्षांचा. स्टोक्स कृष्णवर्णीय, ट्वायमन गोरा, साल १९५८. नात्याचा ना गोत्याचा, तरी ट्वायमन त्याचा कायदेशीर पालक झाला, मदतीचे सामने भरवून दवाखान्याचा खर्च उभा करत राहिला. १९७० मध्ये स्टोक्स गेला, तोवर ही जबाबदारी त्याने सोडली नाही. या संघाकडे विजेतेपद एकच असेल, पण ही गोष्ट आहे.

सिनसिनाटीतच ऑस्कर रॉबर्टसन खेळला. १९६१-६२ मध्ये त्याची सरासरी होती सामन्याला ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. अख्ख्या हंगामात तिन्ही बाबतींत अशी दोन अंकी सरासरी पुन्हा दिसायला पंचावन्न वर्षं लागली. संघाने १९७० मध्ये त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी तो तिथे अजिंक्यपदाचा मानकरी. कर्म!

१९७२ मध्ये पुढचा मुक्काम कॅन्सस सिटी, त्यात सामने ओमाहाशी वाटून. तिथे बेसबॉलचा रॉयल्स संघ आधीच होता, म्हणून हे झाले किंग्ज. १९७९ च्या वादळात तिथल्या केम्पर अरीनाचं छप्परच खाली आलं. १९८५ मध्ये सॅक्रामेंटो.

या गावाने मात्र पाहुण्याला घरचा केला. लेकर्स या प्रतिस्पर्धी संघाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी गावाला गुराढोरांचं म्हणून हिणवलं, तर लोक गुरांच्या घंटा घेऊन मैदानात आले आणि कानठळ्या बसेपर्यंत वाजवल्या. २००२ मध्ये त्याच लेकर्सशी उपांत्य लढत झाली. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या पावभागात लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले. पंचांवर त्या दिवशी झालेली आगपाखड आजही विझलेली नाही, आणि मलाही ती अगदीच अनाठायी वाटत नाही. सातवा सामना किंग्ज जादा वेळेत हरले.

२०१३ मध्ये पुन्हा पेट्या बांधायची वेळ आली. या खेपेला सिएटल. त्या शहराचा स्वतःचा संघ २००८ मध्ये असाच ओक्लाहोमा सिटीने नेला होता, म्हणजे चोरी झालेलाच शेजाऱ्याचं दार हलवून पाहत होता. सॅक्रामेंटोचे महापौर केविन जॉन्सन स्वतः एनबीएत खेळलेले. त्यांनी खरेदीदार जमवले, नव्या स्टेडियमसाठी पालिकेचे पंचवीस कोटींहून अधिक डॉलर लावायची तयारी दाखवली. धनाढ्यांच्या खेळासाठी करदात्याचा पैसा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो चुकीचा नव्हता. लीगमधल्या संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं. संघ रणदिवे यांच्या गटाकडे आला.

खेळात मात्र दुष्काळच. २००६ नंतर सलग सोळा हंगाम बाद फेरी नाही, हा एनबीएतला नकोसा विक्रम. २०२२-२३ मध्ये तो दुष्काळ फिटला. त्या हंगामापासून प्रत्येक विजयानंतर गोल्डन वन सेंटर या घरच्या स्टेडियमच्या माथ्यावरून जांभळा प्रकाशझोत आकाशात सोडतात. तो दिसला की गावाला निकाल कळतो. बाद फेरीची पहिलीच लढत गोल्डन स्टेटशी, आणि सातवा सामना घरच्या मैदानावर. त्यांच्या स्टीफन करीने एकट्याने ५० गुण केले. त्या दिवशी सॅक्रामेंटोचं आभाळ काळंच राहिलं.