मोटरीची लाल दोरी

माएबुर्ग असो की रिव्हिएर न्वार, जुनी आउटबोर्ड मोटर लावलेले पिरोग आजही किनाऱ्यावर दिसतात. अशी मोटर कधी अचानक बंद पडते. दोरी ओढून हात भरून येतात, पण ठिणगी काही पडत नाही. मग कॉइलवर संशय येतो आणि महागडा भाग मागवला जातो. वाचकहो, आमचे सांगणे असे की त्याआधी मोटर बंद करण्याचा खटका तपासावा.

घरातील दिव्याचा खटका वीज तोडतो. जुन्या मॅग्नेटो किंवा सीडीआय मोटरीचा खटका याच्या उलट वागतो. तो तारा जोडतो आणि ठिणगीची वीज मोटरीच्या धातूत उतरवतो. म्हणून खटक्यात खारे पाणी शिरले किंवा हँडलच्या वळणावर तारेचे आवरण झिजले, की मोटर आपोआप गप्प होते.

तपासणी किनाऱ्यावर, मोकळ्या हवेत करावी. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, पेट्रोलची नळी काढावी. स्पार्क प्लग काढून त्याचा धातू मोटरीला घट्ट टेकवावा, पण प्लगच्या छिद्रापासून दूर. आता खटक्याकडून येणारी तार सीडीआय पेटीपासून सोडवावी. यामाहात ती बहुधा पांढरी असते, मर्क्युरी व जॉन्सनमध्ये बहुधा काळी-पिवळी. दोरी ओढल्यावर ठिणगी आली तर दोष खटक्याचा किंवा तारेचा. नाही आली तर कॉइल, स्टेटर वा सीडीआय पेटी पाहावी.

सुटा केलेला खटका मल्टिमीटरने मोजावा. लाल दोरीची क्लिप बसलेली असताना दोन तारांत संबंध नसावा. क्लिप ओढताच तो जुळून आकडा शून्याजवळ यावा. मोजताना तार हलवून पाहावी, कारण पुष्कळदा दोष वाकणातच लपतो. या तारेला बॅटरीचे १२ व्होल्ट कधीही लावू नयेत, सीडीआय पेटी जळते.

दोष सापडला म्हणून तार कायमची सोडून ठेवणारेही आहेत. मोटर चालते, काम भागते! पण लाटेच्या धक्क्याने चालवणारा पाण्यात पडला, तर मोटर थांबत नाही. बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते आणि पंखा खाली फिरतच असतो. नवा खटका मोटरीच्या मानाने स्वस्त असतो. तो बसवावा, सांधे कल्हई केलेल्या तारेने जोडावेत आणि पाणी शिरणार नाही असे झाकावेत. मग मोटर चालू करून क्लिप एकदा ओढून पाहावी. मोटर तत्काळ थांबली, तरच काम पुरे झाले.

आणि दोरी मनगटाला बांधल्याशिवाय कोणीही निघू नये, घरच्या मुलांनी तर मुळीच नाही.