विषाची साक्ष

भंडारा जिल्ह्यातील लाखनी हा धानाचा तालुका. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर हे गाव लागते. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांस पाण्याने भरलेल्या बांध्या पसरलेल्या दिसतात. फवारणीच्या दिवसांत अशा एखाद्या बांधीच्या धुऱ्यावर माणूस मरून पडलेला आढळला, तर कारणे अनेक संभवतात. कीटकनाशक अंगात भिनले असेल, मण्यार चावली असेल, किंवा हृदयक्रियाच बंद पडली असेल. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरास नुसत्या डोळ्यांनी हे नेहमीच ओळखता येते असे नाही. मग त्या देहाचे काही अंश बाटल्यांत भरून, त्यांवर मोहोर लावून, नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे रवाना होतात. मागे राहिलेल्या कुटुंबाचे त्या बाटल्यांवर बरेच अवलंबून असते. अपघाती मृत्यू आलेल्या शेतकऱ्याच्या वारसांस शासनाकडून २ लाख रुपयांचे अनुदान मिळते. परंतु मृत्यू विषबाधेने झाला असे म्हणावयाचे, तर रासायनिक विश्लेषणाचा अहवाल जोडावा लागतो.

वर्तमानपत्रांनी ‘व्हिसेरा’ हा शब्द घरोघर पोहोचविला आहे. त्याचा अर्थ एवढाच, की पोटातील अवयव. जठर व त्यातील अन्नरस, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, यकृताचा मोठा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा निम्मा निम्मा भाग राखून ठेवण्याची पद्धत आहे. या निवडीमागे विषाचा प्रवास आहे. पोटात गेलेले विष जठरात सापडावयाचे. धोतऱ्याचे बी तर तेथे अखंड मिळते. पुढे ते रक्तात मिसळते, यकृतात त्याचे विघटन होते, आणि मूत्रपिंडांवाटे ते बाहेर पडते. जठरात विष आहे पण यकृतात नाही, तर ते शरीरात पुरते शोषले गेले होते की नाही, हा प्रश्न उभा राहतो.

हे अवयव ज्या द्रवात ठेवतात तो ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. साधे मीठ पाण्यात विरघळेनासे होईपर्यंत घालावयाचे, की झाला तो तयार! लोणचे टिकते त्याच न्यायाने अवयवही टिकतात. मात्र बचनागाचा वा तीव्र अम्लाचा संशय असेल तेथे मीठ वर्ज्य. फॉर्मॅलिन तर टाळावेच, कारण त्याने पेशी कठीण होऊन विष वेगळे काढणे अवघड होते. बाटली काठोकाठ भरीत नाहीत. आतील वायूने ती फुटावयाची. आणि वापरलेल्या मिठाच्या पाण्याचीही एक वेगळी बाटली पाठवितात, म्हणजे विष त्या पाण्यातूनच आले, असे उद्या कोणास म्हणता येऊ नये.

रक्ताची गोष्ट निराळी. मृत्यूनंतर यकृतातील व फुफ्फुसांतील औषधे आसपासच्या रक्तात झिरपतात. म्हणून हृदयातील रक्ताचा आकडा फुगलेला असू शकतो, आणि मांडीच्या शिरेतील रक्त अधिक विश्वसनीय मानतात. त्यात सोडियम फ्लोराइड घालतात. ते न घातल्यास बाटलीतले जंतू मद्य तयार करू शकतात, किंवा असलेले फस्त करू शकतात. मग जिवंतपणी एक थेंब न घेतलेला मनुष्य कागदोपत्री मद्यपी ठरावयाचा! केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. म्हणून हळूहळू चारलेल्या सोमलाची रोजनिशीच त्यात उमटते. सर्पविष मात्र पोटात शोधून उपयोग नाही. त्यासाठी दंशाच्या जागची त्वचा हवी, आणि ती कापून ठेवण्याचे कोणास सुचले नाही, तर बाकीच्या बाटल्या मुक्या राहतात.

‘विष आढळले नाही’ या अहवालाचा अर्थ ‘विष नव्हते’ असा होतो काय? महाराष्ट्रात या प्रश्नाचा निकाल एका गाजलेल्या खटल्यात लागला. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाई डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्यासमवेत आगगाडीने मुंबईस निघाल्या. पहाटे त्या बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात पोहोचल्या, आणि त्याच दिवशी वारल्या. नाव भलतेच नोंदविलेले. कारण लिहिले गेले मधुमेहाची मूर्च्छा. देह बेवारस पडून राहिला. शवविच्छेदन झाले ते २३ नोव्हेंबरला, म्हणजे दहा दिवसांनी. रासायनिक विश्लेषकास विष सापडले नाही. तरीही पुण्याच्या सत्र न्यायालयाने, मग उच्च न्यायालयाने, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने लागूंस दोषी ठरविले. बाईंची मालमत्ता लाटण्यासाठी त्यांनी पुढे जे जे केले, त्या परिस्थितीजन्य पुराव्यावर हा निर्णय उभा आहे. विष कोणते, हे न्यायालयासही सांगता आले नाही. एका न्यायमूर्तींनी भिन्न मत नोंदविले. माझ्या मते निकाल योग्य होता. पण फाशीच्या शिक्षेच्या खटल्यात इतके अनुमानावर सोडावे लागले, ही गोष्ट मनास टोचते खरी.

दुसऱ्याच वर्षी, १९५७ साली, इंग्लंडात केनेथ बार्लो या परिचारकावर पत्नीस इन्सुलिन टोचून मारल्याचा आरोप आला. तेथील डॉक्टरांनी भिंगाने सुईच्या खुणा शोधल्या, त्या जागेची त्वचा व मांस कापून घेतले, आणि त्यातून ८४ एकक इन्सुलिन मिळविले. बार्लो दोषी ठरला. ते मांस वेळीच काढले होते, म्हणून हे साधले.

लक्ष्मीबाईंच्या प्रसंगी आज काय करता येते? डोळ्याच्या बुबुळामागे एक पारदर्शक, गोठल्यासारखा द्रव असतो. तो बंदिस्त असल्याने बाकीच्या देहाहून उशिरा कुजतो. त्यात साखर फार वाढलेली आढळली, तर मधुमेहाच्या मूर्च्छेचे म्हणणे खरे मानावयास आधार मिळतो. कमी आढळली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मृत्यूनंतर ती आपोआप घटते.

उपचार चालू असताना मिळणारे नमुने तर सर्वांहून मोलाचे. लाखनीसारख्या ठिकाणी अत्यवस्थ रोगी आला, की पोट धुतल्यावर निघालेले पहिले पाणी आणि प्रथम काढलेले रक्त हेच उत्तम. सलाईन चढल्यावर रक्त पातळ होते, औषधे मिसळतात, आणि घटका उलटेल तसे विष लघवीवाटे निघून जाते. ते पहिले पाणी मोरीत न ओतता चिठ्ठी लावून बाटलीत ठेवावयास परिचारिकेला दोन मिनिटे पुरतात.