चार बाजूंचे शेत आणि पाचवे माप

महाड तालुक्यातील दासगाव हे सावित्रीच्या काठचे गाव. बाणकोटच्या खाडीतून गलबते येथवर येत, त्या काळी या गावास बंदर म्हणून नाव होते. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास नदी आणि मध्ये भाताची खाचरे. खाचराचा बांध जमिनीच्या उताराप्रमाणे जातो; त्यामुळे चारही कोपरे काटकोनी असलेले शेत येथे विरळाच. नदी चढली म्हणजे बांध फुटतात, हद्दीचे दगड गाळात जातात. २००५ च्या जुलैत तर दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या व माणसे गेली. असा प्रसंग ओसरल्यावर मागे राहिलेल्यांपुढे शेताच्या हद्दीचा प्रश्न येतोच. घरच्या वहीत चार बांधांची लांबी लिहिलेली आहे, तेवढ्यावरून शेत पुन्हा आखता येईल, असे पुष्कळांस वाटते. परंतु ते येत नाही.

कारण अगदी साधे आहे. बांबूच्या तीन कामट्या टोकांशी खिळ्यांनी जोडल्या, तर त्रिकोण जागचा हलत नाही. चार जोडल्या तर चौकट हवी तशी कलते. बाजू त्याच राहतात, आकार मात्र पालटतो. सुतार हे जाणतो. दाराची चौकट जुळवताना तो समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोरी ताणून पाहतो, ती उगीच नव्हे.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त याविषयी बराच कडक शब्द वापरला आहे. कर्ण किंवा लंब न सांगता केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा पिशाच होय, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच, असे ते म्हणतात. ब्रह्मगुप्तांचे सूत्र चार बाजूंवरून क्षेत्रफळ देते खरे, पण वर्तुळात बसणाऱ्या चौकोनापुरतेच.

आता अ, ब, क, ड असे शेत घ्यावे. अब ६ साखळ्या, बक ५, कड ४ व डअ ३. साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा. अक हा कर्ण ५ साखळ्या असला, तर क्षेत्र बरोबर १८ गुंठे भरते. तोच कर्ण ४ असला, तर साडेपंधरा गुंठेच उरतात. बांध तेच, आणि फरक अडीच गुंठ्यांचा! एवढ्यासाठी भाऊ भाऊ कचेरीत उभे राहिलेले कोणी पाहिले नाहीत?

कागदावर साखळीस एक सेंटिमीटर धरून प्रथम अक ही ५ सेंटिमीटरची रेषा काढावी. कंपासात ६ सेंटिमीटर घेऊन अ वरून एक कंस काढावा, ५ घेऊन क वरून त्याच अंगास दुसरा. ते छेदतील तेथे ब. मग रेषेच्या पलीकडच्या अंगास अ वरून ३ व क वरून ४, तेथे ड. दोन्ही बिंदू एकाच अंगास घेण्याची चूक नवशिक्याकडून हमखास होते.

कर्णाऐवजी एखादा कोन दिला तरी चालते. मात्र शेतात कोन मोजण्यापेक्षा साखळी ओढणे सोपे. शंकुसाखळीने मोजणी करणारेही कर्ण धरून त्यावर कोपऱ्यांचे लंब घेत.

समजा, कर्ण ८ साखळ्या लिहिलेला आढळला. मग ३ व ४ चे कंस एकमेकांस भेटणारच नाहीत, कारण दोहोंची बेरीज ७ च होते. अशा वेळी कंपासास दोष न देता वहीतील आकडा तपासावा. आकृती जुळली, तरी आणखी एक पडताळा राहतो. वरील पहिल्या आकृतीत बड ही रेषा मोजली असता ती ७.४ सेंटिमीटरच्या किंचित वर येते. म्हणजे शेतात ब च्या दगडापासून ड च्या दगडापर्यंत सात साखळ्या व सुमारे पावणेसात आणे अंतर भरावयास हवे.